क्लाउड लायब्ररीचं व्हर्जन बदललं, स्क्रिप्ट मोडली: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

शुक्रवारी रात्री आठला बंद व्हायला हवी होती ती चौदा मशीनं सोमवारी सकाळी आरामात चालू सापडली. २०२२ च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्याकडे एक छोटी पायथन स्क्रिप्ट होती. डेव्हलपर घरी गेले की ती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची, म्हणजे अ‍ॅझ्युअरवरची टेस्टिंगची मशीनं बंद करायची आणि सकाळी पुन्हा सुरू करायची. दोन वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, पाहायची गरजच पडली नव्हती. त्या शुक्रवारी दुपारी कुणीतरी तिची कंटेनर इमेज, म्हणजे स्क्रिप्ट आणि तिला लागणाऱ्या लायब्ररींचा एकत्र गठ्ठा, नव्याने बांधली. कोडमध्ये एका अक्षराचा फरक नाही, तरी स्क्रिप्ट मोडली. आणि मोडली हे कुणाला कळलंच नाही.

नागपूरजवळ हिंगण्याकडच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक पोरगा तेव्हा नवीन लागला होता. तो लॅपटॉप घेऊनच माझ्या टेबलाशी आला. "दादा, माझ्याकडे तर बरोबर चालून राहिली ना!"

खरंच चालत होती. त्याच्या लॅपटॉपवर जुनी लायब्ररी होती, कंटेनरमध्ये नवी आली होती. दोष त्याचा नव्हता. स्क्रिप्ट मी लिहिली होती आणि पॅकेजांच्या यादीत लायब्ररीचं नुसतं नाव टाकलं होतं, व्हर्जन टाकलं नव्हतं. इमेज बांधताना पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणाऱ्या साधनाने, त्या दिवशी मिळणारं सगळ्यांत नवं व्हर्जन आणलं. पिपचं काय चुकलं? मी सांगितलं तेच त्याने केलं.

काटोल-नरखेडकडचे संत्रावाले झाडाला पाण्याचा ताण देतात आणि आंबिया बहार धरायचा की मृग, हे स्वतः ठरवतात. बहार झाडावर सोडत नाहीत. लायब्ररीचं अपग्रेड तसंच धरायचं असतं. ते कधी ना कधी करावंच लागतं, फक्त त्याचा दिवस आपण नेमायचा. त्या शुक्रवारी तो पिपने नेमला. पुढे जे सांगतोय ते सगळं हा दिवस आपल्या हातात ठेवण्याबद्दल आहे.

उदाहरणं पायथनची आणि बहुतेक अ‍ॅझ्युअरची आहेत, कारण माझा हात त्यात बसलाय. कमांड आणि मेथडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.

आधी लायब्ररीची जात ओळखा

क्लाउडच्या क्लायंट लायब्ररी, म्हणजे आपल्या कोडला क्लाउडशी बोलू देणारी पॅकेजं, ढोबळमानाने दोन जातींच्या. एक डेटा हाताळणारी: स्टोरेजमध्ये फाइल टाक, रांगेतला मेसेज वाच. दुसरी व्यवस्थापनाची: मशीन उभं कर, नेटवर्क जोड, डिस्क काढून टाक. अ‍ॅझ्युअरच्या पायथन पॅकेजात दुसऱ्या जातीच्या नावात मधे 'एमजीएमटी' असतं, त्यावरून लगेच ओळखू येते.

हा फरक का बघायचा? व्यवस्थापनाच्या लायब्ररी बहुतांशी माणूस हाताने लिहीत नाही. सर्व्हिसच्या एपीआयचं (तिच्याशी प्रोग्रॅमने कसं बोलायचं त्याचं) वर्णन असतं, त्यावरून यंत्र कोड तयार करतं. वर्णनात एखाद्या फील्डचं नाव बदललं की पुढच्या आवृत्तीत लायब्ररीतलं नावही बदलतं, आणि ते प्रामाणिकपणे ब्रेकिंग चेंज (जुना कोड मोडणारा बदल) म्हणून नोंदवून व्हर्जनचा पहिला आकडा वाढवला जातो. म्हणून अ‍ॅझ्युअरची ब्लॉब स्टोरेजची डेटा लायब्ररी २०१९ पासून १२ वरच आहे आणि कॉम्प्युटची (मशीनांची) व्यवस्थापन लायब्ररी तिशी ओलांडून गेली. नवीन माणूस हे आकडे पाहून दचकतो. दचकू नका. त्यातल्या बहुतेक उड्या आपण कधी न वापरलेल्या फीचरमुळे असतात.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे एडब्ल्यूएसची, तऱ्हा वेगळी. तिथली बोटो३ ही लायब्ररी २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली आणि आजही तिचा पहिला आकडा १ च आहे. तिथे मेथडची नावं सहसा हलत नाहीत. मार बसतो तो दुसरीकडून: पायथनच्या जुन्या आवृत्तीचा पाठिंबा काढला जातो किंवा एखादी डिफॉल्ट वागणूक बदलते. त्यावर पुढे येतोच.

व्हर्जनचे तीन आकडे कॉलेजात शिकवले नसतील तर एवढं पुरे: पहिला वाढला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा वाढला तर नवीन काही आलं, तिसरा वाढला तर दुरुस्ती. शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनवर मात्र काहीच भरवसा ठेवायचा नाही, तिथे सगळं बदलायची मुभा असते. हा संकेत आहे, कायदा नाही.

पायरी १: आज काय चालू आहे ते लिहून घ्या

जिथे स्क्रिप्ट खरोखर चालते तिथे 'पिप फ्रीझ' चालवा. लॅपटॉपवर नको, त्या कंटेनरमध्ये किंवा सर्व्हरवर. आलेली यादी फाइलमध्ये ठेवा आणि गिटमध्ये टाका. पायथनचं स्वतःचं व्हर्जनही वर लिहा.

यादी पाहिली की लक्षात येईल, आपण तीन पॅकेजं मागितली होती आणि आली पंचवीस. बोटो३ मागितलं की बोटोकोर येतं, अ‍ॅझ्युअरचं कुठलंही नवं पॅकेज मागितलं की अ‍ॅझ्युअर-कोर येतं. मोडतोड पुष्कळदा या न मागितलेल्या मंडळींमुळे होते. म्हणून फक्त वरची तीन नावं लिहून भागत नाही.

इमेज मोडलेली असेल आणि जुनी यादी कुठेच नसेल तर? रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजांच्या कोठारात, जुनी इमेज बहुधा पडलेली असते. ती उचला, आत जाऊन फ्रीझ चालवा. आम्ही तेच केलं. तेवढ्यासाठी तरी जुन्या इमेज लगोलग पुसू नका.

पायरी २: पिन करा, पण चिन्ह नीट बघून

प्रॉडक्शनमध्ये जाणाऱ्या यादीत दोन बरोबरची चिन्हं टाकून अचूक व्हर्जन लिहा, यालाच पिन करणं म्हणतात. हाताने पंचवीस ओळी सांभाळणं कटकटीचं आहे, त्यासाठी पिप-टूल्स, पोएट्री, यूव्ही यांपैकी कुठलंही एक साधन घ्या. ते लॉक फाइल, म्हणजे सगळ्या अचूक व्हर्जनांची यादी, बनवून देतं. कुठलं घ्यायचं यावर ऑफिसात वाद घालत बसू नका, टीममध्ये जे आधीपासून आहे ते घ्या.

एक सापळा सांगतो, कारण मी स्वतः त्यात अडकलोय. तरंगाचं चिन्ह आणि बरोबर, म्हणजे ~=, हे 'जुळणारं व्हर्जन चालेल' असं सांगतं. पण ~=३४.१ लिहिलं तर ३४.१ पासून पुढे ३४ मधलं काहीही चालतं, आणि ~=३४.१.० लिहिलं तर फक्त ३४.१ मधल्या दुरुस्त्या चालतात. शेवटच्या एका शून्याने अर्थ बदलतो. कोड रिव्ह्यूमध्ये हे डोळ्यांखालून सहज निसटतं.

व्हर्जनच्या शेवटी 'बी१' किंवा 'बी२' दिसलं तर ते प्रिव्ह्यू समजा. पिप ते आपणहून आणत नाही, पण कुणी नाव घेऊन मागितलं तर आणतं. प्रिव्ह्यूमधली नावं पुढच्या प्रिव्ह्यूमध्ये असतीलच असं नाही. रोजच्या कामाच्या स्क्रिप्टमध्ये त्याला जागा नाही.

पिन केल्याबरोबर जुन्या यादीने इमेज बांधा आणि काम सुरू करून द्या. आग आधी विझवायची, दुरुस्ती मग निवांत. आमची चौदा मशीनं त्या सोमवारी रात्री जुन्या लायब्ररीनेच बंद झाली.

पायरी ३: मुद्दाम मोडून पाहा

आता वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांसाठी अलग जागा) करा, त्यात नवं व्हर्जन टाका आणि स्क्रिप्ट एका टेस्टच्या मशीनवर चालवा. एरर येऊ द्या. आली की शांतपणे पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीपासून वर.

आमची एररच आली नव्हती, हे इथे कबूल करायला हवं. कोडमध्ये प्रत्येक मशीनभोवती ट्राय होता आणि खाली सरसकट 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहून पुढे जा असं सांगितलं होतं. एखादं मशीन आधीच डिलीट झालेलं असेल तर बाकीची अडू नयेत, हा हेतू. हेतू चांगला, परिणाम असा की मेथडच अस्तित्वात नाही ही एररसुद्धा त्यातच गिळली गेली. स्क्रिप्टने चौदा वेळा 'वगळलं' असं छापलं आणि शून्य कोड देऊन यशस्वी म्हणून बाहेर पडली. स्क्रिप्ट आपोआप चालवणारी पाइपलाइन हिरवी, मशीनं चालू.

तेव्हा दुरुस्तीला हात घालण्याआधी सगळे सरसकट एक्सेप्ट शोधून काढा. 'मशीन सापडलं नाही' हा अपवाद वेगळा पकडा, बाकी सगळं वर जाऊ द्या. एकही मशीन अपयशी ठरलं तरी शेवटी शून्येतर कोडने बाहेर पडा. हा बदल जुन्या लायब्ररीवरच करून टाका. लायब्ररीच्या अपग्रेडशी त्याची सरमिसळ नको.

पायरी ४: चेंजलॉग वाचायची रीत

प्रत्येक चांगल्या लायब्ररीचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, असतो आणि त्यात ब्रेकिंग चेंजेसचा वेगळा मथळा असतो. नवीन माणूस फक्त सर्वांत वरची नोंद वाचतो. आपण १० वरून ३४ वर जात असू तर मधली प्रत्येक नोंद आपल्यासाठीच आहे.

मग एवढं सगळं वाचायचं? नाही. उलटं करायचं. आधी आपल्या कोडमध्ये ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारून लायब्ररीच्या किती मेथड आणि किती मॉडेल (मशीन, डिस्क अशा गोष्टींचे क्लास) वापरले त्याची यादी कागदावर काढा. आमच्या स्क्रिप्टमध्ये पाच निघाल्या. मोठ्या प्रोजेक्टमध्येही हा आकडा वाटतो त्यापेक्षा लहान असतो. मग त्या प्रत्येक नावाने चेंजलॉगमध्ये शोधा. नाव काढलं, नाव बदललं, पॅरामीटर काढला, आधी ऐच्छिक होता तो आता सक्तीचा झाला, या चार तऱ्हांच्या ओळी जास्त करून सापडतील.

फार मोठा बदल असेल तर वेगळं मायग्रेशन गाइडही असतं. ते अर्ध्या तासात वाचून होतं आणि तुमचे दोन दिवस वाचवतं. तरी लोक आधी एररचा मजकूर सर्चमध्ये चिकटवतात आणि पहिलं उत्तर कॉपी करतात. ते उत्तर कोणत्या व्हर्जनसाठी होतं हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. एआयला विचारलं तरी हाच धोका: त्याने जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींचा कोड पाहिलेला असतो आणि कधीकधी तो दोन्हींची भेळ करून देतो. चेंजलॉगशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

पायरी ५: दुरुस्ती, एका खऱ्या बदलाच्या आधाराने

अ‍ॅझ्युअरच्या पायथन लायब्ररींनी २०२० च्या आसपास एक मोठी कूस बदलली. जुन्या पिढीला ट्रॅक १ म्हणतात, नवीला ट्रॅक २. आजही जुन्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या पिढीचा कोड सापडतो, आणि ब्रेकिंग चेंज किती तऱ्हांनी येतो ते एकाच ठिकाणी पाहायला हे उत्तम उदाहरण आहे.

पहिली गोष्ट नावांची. वेळखाऊ काम सुरू करणाऱ्या मेथडच्या आधी 'बिगिन' आणि अंडरस्कोर लागलं. मशीन बंद करायची मेथड 'डीअ‍ॅलोकेट' होती, ती 'बिगिन_डीअ‍ॅलोकेट' झाली. जुन्या नावाने हाक मारली की 'असा अ‍ॅट्रिब्यूट नाही' अशी अ‍ॅट्रिब्यूटएरर येते. ही सगळ्यांत सोपी दुरुस्ती आहे, आणि इथेच आमच्या पोराकडून एक गंमत झाली. एडिटरने सुचवलेल्या यादीत त्याला 'बिगिन_पॉवर_ऑफ' दिसलं. मशीन बंदच करायचं आहे ना, म्हणून त्याने ते घातलं. मशीन बंद झालं, स्क्रिप्ट चालली, सगळे खूश. पण अ‍ॅझ्युअरमध्ये पॉवर ऑफ केलेल्या मशीनचं हार्डवेअर आपल्या नावावर अडवलेलंच राहतं आणि कॉम्प्युटचं भाडं सुरू राहतं. ते थांबतं डीअ‍ॅलोकेट केल्यावर. डिस्कचं भाडं तर दोन्हीकडे लागतंच. रिव्ह्यूमध्ये सापडलं म्हणून बरं. नवं नाव निवडताना जुन्या मेथडचा अर्थ काय होता ते बघा, नावाचा तोंडावळा बघू नका.

'बिगिन' म्हणजे काम सुरू केलं, एवढंच. हाती येतो तो पोलर, त्या कामावर नजर ठेवणारा ऑब्जेक्ट. त्याच्यावर 'रिझल्ट' किंवा 'वेट' म्हटलं की काम संपेपर्यंत थांबतो, आणि काम फसलं असेल तर एररही तेव्हाच हातात पडते. न थांबता स्क्रिप्ट संपवली तर तिकडे क्लाउडवर काम चालू राहील, पण त्याचं काय झालं ते तुम्हाला कळणार नाही. चौदा मशीनं असतील तर एकेकावर थांबत बसू नका. आधी सगळी सुरू करून पोलर एका लिस्टमध्ये जमा करा, मग त्या लिस्टवर फिरून थांबा. आमचा वेळ यानेच वाचला.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची, म्हणजे क्रेडेन्शियलची. जुन्या पिढीत 'सर्व्हिस प्रिन्सिपल क्रेडेन्शियल्स' नावाचा क्लास होता, नवीत अ‍ॅझ्युअर-आयडेंटिटी हे वेगळं पॅकेज आलं. पॅरामीटरही बदलले: 'सीक्रेट'चं 'क्लायंट_सीक्रेट' झालं आणि 'टेनंट'चं 'टेनंट_आयडी'. इथे येणाऱ्या दोन एरर पाठच करून ठेवा. क्रेडेन्शियलकडे 'गेट_टोकन' नाही असं म्हणत असेल तर लायब्ररी नवी आणि ओळखपत्र जुनं आहे. 'साइन्ड_सेशन' नाही असं म्हणत असेल तर उलटं, ओळखपत्र नवं आणि लायब्ररी जुनी. दुसरी एरर आली की समजा, एखादं पॅकेज अपग्रेड करायचं राहून गेलंय. पाचपैकी चार केली आणि एक विसरलं, असं फार होतं.

'डिफॉल्ट अ‍ॅझ्युअर क्रेडेन्शियल' सोयीचं आहे. ते क्रमाने शोधत जातं: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मॅनेज्ड आयडेंटिटी (मशीनलाच दिलेली ओळख), मग कमांड लाइनवरचं तुमचं लॉगिन वगैरे. पण म्हणूनच लॅपटॉपवर ते तुमच्या स्वतःच्या खात्याने चालून जातं, तुमच्याकडे अधिकार भरपूर असतात, आणि सर्व्हरवर गेल्यावर अधिकार नाही म्हणून नकार येतो. टेस्ट करताना सर्व्हरवर जी ओळख वापरणार तीच वापरा.

तिसरी अपवादांची. जुना 'क्लाउडएरर' पकडणारा कोड नव्या पिढीत काहीच पकडत नाही, तिथे अ‍ॅझ्युअर-कोरमधला 'एचटीटीपी रिस्पॉन्स एरर' येतो. 'सापडलं नाही' यासाठी त्याचाच एक उपप्रकार आहे, तो वापरा. हा बदल लोक हमखास विसरतात, कारण सगळं सुरळीत असताना एक्सेप्टच्या खालची ओळ चालतच नाही. ती चालते नेमकी वाईट दिवशी.

पायरी ६: न ओरडणारे बदल

अ‍ॅट्रिब्यूटएरर हा सज्जन माणूस आहे, समोरून येऊन सांगतो. त्रास देतात ते गुपचूप येणारे.

जानेवारी २०२५ मध्ये बोटो३ चं १.३६ आलं. पहिला आकडा तोच, फक्त मधला वाढला. पण त्यात एस३ या एडब्ल्यूएसच्या स्टोरेजवर फाइल चढवताना चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का ते ताडायचा आकडा) आपोआप जोडायची नवी डिफॉल्ट वागणूक आली. खऱ्या एस३ वर काही बिघडलं नाही. पण एस३ सारखंच बोलणाऱ्या इतर कंपन्यांच्या स्टोरेजवर हीच लायब्ररी वापरणाऱ्या अनेकांचे अपलोड अडले, कारण समोरच्याला ती नवी पद्धत समजत नव्हती. उपाय एका सेटिंगचा होता: चेकसम 'गरज असेल तेव्हाच' काढ असं कॉन्फिगमध्ये सांगायचं. कोड तोच, मेथड तीच, 'छोटं' अपग्रेड, तरी काम बंद.

दुसरं उदाहरण अ‍ॅझ्युअरचंच. नव्या पद्धतीने तयार झालेल्या लायब्ररीत मॉडेलचं 'अ‍ॅज_डिक्ट' करून डिक्शनरी घेतली तर चाव्यांची नावं अंडरस्कोरवाली येत नाहीत, मूळ एपीआयमधली कॅमल केसची (अंडरस्कोरऐवजी मधलं अक्षर मोठं) येतात. तुमच्या कोडमध्ये पुढे 'गेट' वापरून चावी शोधली असेल तर एरर नाही, नुसतं 'नन' मिळतं. रिपोर्टमधला एक कॉलम रिकामा जातो आणि महिन्याने कुणीतरी विचारतं.

यावर जादू नाही. जुन्या आणि नव्या लायब्ररीने तेच वाचन करून दोन्हींचं आउटपुट फाइलमध्ये काढा आणि डिफ मारून फरक बघा. वाचनाच्या कामांना हे सहज करता येतं, मशीनला धक्काही लागत नाही.

आणखी एक: पायथन 'डेप्रिकेशनवॉर्निंग' बहुतेक वेळा दाखवतच नाही. मुख्य फाइलमधून थेट उठलेली सोडली तर ती डिफॉल्टने दडवलेली असते. म्हणजे लायब्ररी वर्षभर आधीपासून 'ही मेथड जाणार' म्हणून सांगत असते आणि आपल्याला ऐकूच येत नाही. टेस्टच्या पाइपलाइनमध्ये डॅश मोठा डब्ल्यू हा पर्याय लावून ती चालू करा. पायटेस्ट वापरत असाल तर शेवटी ती आपोआप छापली जाते, फक्त खाली स्क्रोल करून वाचायची सवय लागते.

पायरी ७: टेस्ट, आणि मॉकचा खोटेपणा

आमच्या स्क्रिप्टला टेस्ट होत्या. सगळ्या हिरव्या होत्या. मोडलेल्या शुक्रवारीसुद्धा.

टेस्टमध्ये खऱ्या लायब्ररीच्या जागी मॉक, म्हणजे तोतया, उभा केला होता, आणि 'मॅजिकमॉक' कशालाही हो म्हणतो. त्याला 'डीअ‍ॅलोकेट' म्हणा, 'तर्री_पोहे' म्हणा, तो मान डोलावतो. खऱ्या क्लासमधून मेथड गेली तरी मॉकला पत्ता नसतो. मॉक बनवताना खरा क्लास 'स्पेक' म्हणून द्या किंवा 'क्रिएट_ऑटोस्पेक' वापरा. मग खऱ्या क्लासमध्ये नसलेलं नाव घेतलं की टेस्टच पडेल, आणि ऑटोस्पेक पॅरामीटरची जुळणीही बघतो. आमच्याकडे एवढं एक असतं तर इमेज बांधतानाच बिंग फुटलं असतं.

याशिवाय एक खरी टेस्ट ठेवा: वेगळ्या रिसोर्स ग्रुपमध्ये सगळ्यांत लहान मशीन, सुरू कर, बंद कर, स्थिती वाच. पॉवर ऑफचा घोळ पकडायचा तर 'बंद झालं का' एवढं न विचारता स्थिती 'डीअ‍ॅलोकेटेड' आहे का ते तपासा.

पायरी ८: क्लाउडशी बोलणारा कोड एका फाइलमध्ये

दुरुस्ती करताना मी सगळ्या लायब्ररी कॉलना एकाच फाइलमध्ये हलवलं. बाकी कोड फक्त 'मशीन थांबव', 'मशीन सुरू कर', 'स्थिती सांग' एवढंच म्हणतो. आतमध्ये ट्रॅक १ आहे की ट्रॅक २, त्याला कळत नाही. पुढचं अपग्रेड त्या एका फाइलमध्ये मावलं.

पण अति करू नका. सगळ्या लायब्ररीला गवसणी घालायला निघालेले लोक मी पाहिलेत. सहा महिन्यांनी त्यांची गवसणीच मूळ लायब्ररीपेक्षा जड होते आणि तिला चेंजलॉगही नसतो. जेवढ्या मेथड वापरता तेवढ्याच झाका.

पायरी ९: नेणं आणि मागे फिरणं

एका वेळी एकच लायब्ररी, वेगळी ब्रँच, लहान पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घ्यायची विनंती). त्यात लॉक फाइलचा बदल आणि कोडचा बदल सोबतच असावा, म्हणजे मागे फिरायचं तर एक रिव्हर्ट पुरतो. आधी एका मशीनवर, मग टेस्टच्या ग्रुपवर, मग सगळीकडे. शुक्रवारी नाही. मंगळवार-बुधवार, सकाळी, चहा झाल्यावर.

पिन केलं म्हणजे कायमचं निश्चिंत, असंही नाही. लायब्ररी तुमच्याकडे गोठली तरी समोरची बाजू चालत राहते. बोटो३ ने पायथन ३.८ चा पाठिंबा एप्रिल २०२५ मध्ये थांबवला. एडब्ल्यूएसच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार सप्टेंबर २०२५ मध्ये संपला. कंटेनर चालवणाऱ्या क्युबर्नेटिसने ऑगस्ट २०२१ च्या १.२२ मध्ये इंग्रेसचं (बाहेरून येणारी वर्दळ आत वळवणाऱ्या भागाचं) जुनं बीटा रूप सर्व्हरवरूनच काढून टाकलं, तेव्हा क्लायंट पिन करून बसलेल्यांचाही काही उपयोग झाला नाही. म्हणून नवं व्हर्जन आलं की स्वतःच पुल रिक्वेस्ट उघडणारं डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेटसारखं साधन लावा आणि त्याने उघडलेल्या रिक्वेस्ट महिन्यातून एकदा ठरवून बघा. उड्या लहान राहतात.

जुना कोड कमेंट करून ठेवायची खोड मात्र सोडा. गिटमध्ये तो आहेच. आमच्याकडे ही सफाई तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करतात. नागपुरात महाल-इतवारीतून मारबतीची मिरवणूक निघते, तिकडचे लोक उशिराच येतात, मीटिंगा लागत नाहीत. कुणीतरी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत जुनी फाइल डिलीट करतो. कामाचं काम होतं.

आणि एक पहारेकरी

वरचं सगळं केलं तरी उद्या वेगळ्याच कारणाने स्क्रिप्ट फसू शकते. म्हणून तिच्यावर विसंबून नसलेली दुसरी तपासणी ठेवा. आमच्याकडे ती वेगळ्या ठिकाणाहून चालते, कमांड लाइनच्या साधनाने, पायथन लायब्ररीला हातही न लावता. रोज रात्री नऊला टेस्टिंगच्या ग्रुपमध्ये किती मशीनं चालू आहेत ते मोजते आणि टीमच्या चॅटवर आकडा टाकते. शून्य असलं तरी टाकते. 'गडबड असेल तरच मेसेज' असं ठेवलं तर ती तपासणी स्वतः मेली तेव्हाही शांतताच असते, आणि शांततेचा अर्थ आपण 'सगळं ठीक' असा लावतो.

मेसेज वाचायची पाळी आठवड्याला एकाकडे. नऊ वाजून दहा मिनिटं झाली आणि आकडा आलाच नाही, तर ज्याची पाळी त्याने लॅपटॉप उघडायचा.